काट्याला न दिसणारी चरबी : आपले योग्य वजन घरच्या घरी कसे ओळखावे

माझ्या धाकट्या भावाचे वजन गेली पंधरा वर्षे ६१ ते ६३ किलोंच्या मध्ये आहे. उंची १६८ सेंटिमीटर. म्हापशाच्या बाजारात त्याचे दुकान आहे. सकाळी नऊला गल्ल्यावर बसला की रात्री आठला उठतो. हातपाय बारीक, चेहरा निमुळता. त्याला जाड म्हणणारा माणूस सापडणार नाही. दोन वर्षांपूर्वी तो चष्म्याचा नंबर बदलायला गेला. डोळ्याच्या डॉक्टरांना आत पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले आणि त्यांनी साखर तपासून यायला सांगितले. उपाशीपोटीची साखर १७४ निघाली. रिपोर्ट घेऊन तो फोंड्याला माझ्याकडे आला आणि पहिलाच प्रश्न केला, "ताई, वजन वाढलेलेच नाही, मग साखर आली कुठून?"

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. सव्वीस वर्षे दर जूनला शाळेत काटा मांडून मुलांची उंची-वजने नोंदवहीत लिहिली. पण घरच्या माणसाच्या पोटाला टेप लावावी हे मला कधी सुचले नव्हते. त्या रात्री शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि त्याला शर्ट वर धरायला सांगितला. पोट ९३ सेंटिमीटर भरले, म्हणजे साडेछत्तीस इंच. पँट मात्र तो ३४ची घालतो, कारण पट्टा पोटाच्या खाली बांधतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या अडीच इंचांत होते.

वजन म्हणजे हाडे, स्नायू, पाणी, चरबी, आतड्यातले अन्न, सगळ्याची एकत्र बेरीज. काटा बेरीज सांगतो, फोड सांगत नाही. आणि चरबीतही फरक आहे. मांडीवरची, कुल्ल्यांवरची चरबी कातडीखाली असते, ती तुलनेने निरुपद्रवी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी साखर, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याकडे नेते. म्हणून योग्य वजन ओळखायचे तर चार आकडे लागतात: वजन, उंची, कमरेचा घेर आणि चरबीचे अंदाजे प्रमाण. यातला एकही एकट्याने पुरेसा नाही. चारही घरी काढता येतात. एक काटा, एक टेप, एक वही आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढे सामान पुरते.

पहिली पायरी : काटा खरे बोलतो का, ते पाहा

काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा. जाजम, चटई, दरवाजातले पायपुसणे यांवर नको. आपल्याकडच्या जुन्या घरांत जमीन बऱ्याचदा एका बाजूला उतरती असते. काटा डुगडुगत असेल तर जागा बदला. तो बरोबर आहे की नाही हे पाहायला माझी एक सोपी रीत आहे. घरी गॅसचा नवा, सील न तोडलेला सिलिंडर आला की तो काट्यावर ठेवायचा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्याजवळ लिहिलेले असते, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा. काट्याने तेवढेच दाखवले पाहिजे. अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक आला तर काटा बदला, किंवा निदान नेहमी तोच एक काटा वापरा. वेगवेगळ्या काट्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

वजन सकाळी करावे. शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून. रोज केले तरी चालते, पण मग एका दिवसाच्या आकड्यावरून आनंद किंवा दुःख करून घेऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा. चवथीच्या पाच दिवसांत नेवऱ्या, पातोळ्या, खतखते होऊन वजन दीड-दोन किलोंनी चढते. ती सगळी चरबी नसते. एक किलो चरबी साठायला खर्चाहून साधारण ७,७०० उष्मांक जास्त खावे लागतात. पाच दिवसांत तेवढे जास्त खाणे सोपे नाही. चढलेले बरेचसे वजन मिठाने आणि पिठा-गुळाने धरून ठेवलेले पाणी असते. पावसाळ्यातही हेच होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताटात सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी) येतात. मीठ वाढले की अंग पाणी धरते. बायकांचे वजन पाळीच्या आधीच्या दिवसांतही एक-दोन किलोंनी वर जाते आणि मग आपोआप उतरते. त्यामुळे बायकांनी महिन्यामहिन्याची तुलना करताना पाळीचे तेच दिवस धरावेत.

दुसरी पायरी : उंची पुन्हा मोजा

बहुतेकांना आपली कॉलेजातली किंवा पासपोर्टावरची उंची पाठ असते. पन्नाशीनंतर मणके दबतात, पाठ वाकते आणि उंची हळूहळू कमी होते. अनवाणी, टाचा भिंतीला लावून, नजर समोर ठेवून उभे राहा. दुसऱ्याने डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक काटकोनात टेकवून भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने जास्त येते, म्हणून वजन ज्या वेळी करता त्याच वेळी उंचीही घ्या. वर्षातून एकदा पुरे.

तिसरी पायरी : बीएमआय काढा, पण आपली रेघ धरा

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. कॅल्क्युलेटरवर भावाचे असे येते: ६२ ÷ १.६८ ÷ १.६८ = २१.९७. धरू या २२. माझी उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन तेव्हा ६४ किलो होते: ६४ ÷ १.५६ ÷ १.५६ = २६.३.

हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या खगोल आणि संख्याशास्त्रज्ञाचे, १८३०च्या दशकातले. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचे होते. समोरचा एक माणूस जाड की बारीक हे ठरवायला त्याने ते मांडले नव्हते. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ साली दिले. लोकसमूहाकडे पाहायला हे माप चांगले आहे, एका माणसाबद्दल ते फक्त पहिला अंदाज देते. एवढे लक्षात ठेवले तर त्याचा उपयोग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या तक्त्यात १८.५ ते २४.९ म्हणजे योग्य, २५ पासून जास्त वजन, ३० पासून लठ्ठपणा. जिममध्ये आणि बऱ्याच मोबाइल अॅपमध्ये हाच तक्ता लावलेला असतो. तो आपल्यासाठी ढिला आहे. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले, आणि भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ साली एकमताने आणखी कडक रेघ आखली: २२.९ पर्यंत योग्य, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. माझ्या २६.३ला जुना तक्ता 'थोडे जास्त' म्हणतो, भारतीय तक्ता 'लठ्ठ' म्हणतो. ऐकायला बरे वाटत नाही, पण मी दुसराच धरला.

या रेघेने, आणि खालची हद्द जुन्या तक्त्यातली १८.५ धरून, योग्य वजन साधारण असे बसते: १५० सेंटिमीटर उंचीला ४२ ते ५१ किलो, १५५ला ४५ ते ५५, १६०ला ४८ ते ५८, १६५ला ५१ ते ६२, १७०ला ५४ ते ६६, १७५ला ५७ ते ७०. आपल्या आईवडिलांच्या पिढीत 'उंचीतून शंभर वजा कर' असा हिशोब चालायचा. तो एकोणिसाव्या शतकातल्या पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. दीडशे-एकशे साठ सेंटिमीटरच्या माणसाला तो आजही जवळपास बरोबर उत्तर देतो (१५६ला ५६ किलो, म्हणजे बीएमआय बरोबर २३). उंच माणसाला मात्र तो जरा जास्तच सूट देतो: १८०ला ८० किलो म्हणजे बीएमआय २४.७.

आपल्याला कडक रेघ का, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर पुण्यातून आले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण यंत्रावर मोजलेली चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजन-उंचीचे गणित तेच, आणि चरबी दुपटीहून जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या गटाने नव्वदीच्या दशकापासून गरोदर बायका आणि त्यांची बाळे तपासली. आपली बाळे जन्मतः वजनाने लहान असतात, स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची आहे. माझा भाऊ २२ला 'योग्य' ठरला तो असा.

चौथी पायरी : कंबर. इथे घाई करू नका

माझ्या मते चार आकड्यांतला सर्वांत मोलाचा आकडा हाच, आणि सर्वांत चुकीचा मोजला जातो तोही हाच.

टेप शिंप्याची चालते, पण जुनी कापडी टेप ताणून लांब होते. आधी ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहा. पोट उघडे ठेवा, कपड्यावरून नको. पावले थोडी अंतरावर ठेवून सरळ उभे राहा. बगलेखाली बोटे दाबत खाली आलात की शेवटची बरगडी लागते, तिथे पेनाने ठिपका काढा. कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, तिथे दुसरा ठिपका. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप फिरवा. साडी नेसणाऱ्या बायकांना परकराच्या नाडीचा वळ हीच कंबर वाटते; तो वळ बहुतेक वेळा खाली असतो, टेप त्याच्या वर यायला हवी. पुरुषांनी पँटचा नंबर विसरावा. टेप पाठीमागे खाली सरकत नाही ना, हे आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या. ती अंगाला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. मग दोन-तीन सहज श्वास घ्या आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा.

भावाने पहिल्या खेपेला पोट आत घेतले होते. आकडा ८८ आला. "आता मला तुझ्या दुकानातला हिशोब सांग," म्हटल्यावर तो बोलू लागला, पोट आपल्या जागी आले आणि टेप ९३वर गेली. तेव्हापासून मी कुणाचीही कंबर मोजताना त्याला बोलते ठेवते. दोनदा मोजा; दोन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून जवळच्या दोघांची सरासरी घ्या.

आता आकड्याचा अर्थ. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर झाली की ते पोटाचे स्थूलपण धरतात. सावध मात्र आधीच व्हावे: २००९च्या त्याच एकमतात पुरुषांना ७८ आणि स्त्रियांना ७२ हा पहिला इशारा सांगितला आहे. ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत त्यांनी एकच नियम पाळावा: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. टेपही नसेल तर सुतळी घ्या, उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती फिरवा. टोके जुळली तर ठीक, मध्ये फट राहिली तर कंबर जास्त. भावाची निम्मी उंची ८४, कंबर ९३. माझी निम्मी उंची ७८, कंबर ८४. वजनाने तो 'योग्य' आणि मी 'लठ्ठ', पण सुतळीने दोघांनाही एकाच बाजूला बसवले, आणि त्याची फट माझ्यापेक्षा मोठी.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. भारतभरच्या मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के होते आणि गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्याच पाहणीत बीएमआयने लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के होते आणि कमरेने लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के. म्हणजे नुसत्या बीएमआयवर विसंबले तर कमरेने धोक्यात असलेली कितीतरी माणसे निसटतात.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाने २००५ साली मधुमेहाचा धोका ओळखण्याची एक साधी गुणपत्रिका केली. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा पुढे ३०. कंबर पुरुषाची ९० ते ९९ किंवा स्त्रीची ८० ते ८९ असेल तर १० गुण, त्याहून जास्त असेल तर २०. बैठे काम आणि व्यायामही नाही तर ३०. काम कष्टाचे किंवा नियमित व्यायाम, यातले एकच असेल तर २०. दोन्ही असेल तर शून्य. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांना असल्यास २०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका मोठा. भाऊ तेव्हा ४७ वर्षांचा: २० अधिक १० अधिक ३०, आणि आमच्या वडिलांना मधुमेह होता म्हणून आणखी १०. एकूण ७०. या गुणपत्रिकेत वजनाचा रकानाच नाही. पाच वर्षे आधी कुणी हे पाच मिनिटांचे गणित केले असते तर डोळ्यापर्यंत गोष्ट गेली नसती, हे मला आजही टोचते.

पाचवी पायरी : चरबीचे प्रमाण

इथे बहुतेकजण मशीनवर भरवसा ठेवतात. पाय ठेवले की चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे आता दीड-दोन हजारांत मिळतात. ते तळव्यातून अगदी मंद वीज सोडतात. पाणी असलेल्या स्नायूतून ती सहज जाते, चरबी तिला अडवते. या अडथळ्यावरून यंत्र अंदाज बांधते. म्हणून अंगातले पाणी कमी झाले की यंत्राला चरबी जास्त दिसते. एप्रिल-मेच्या आपल्या घामट हवेत हे हमखास होते. ओळखीच्या एका जिममध्ये मी व्यायामाआधी आणि घामाघूम झाल्यावर तासाभराने अशा दोन वेळा यंत्रावर उभी राहिले. तीन टक्क्यांचा फरक आला. तासाभरात तीन टक्के चरबी वाढत नाही. शिवाय फक्त पायांवर चालणाऱ्या यंत्रातली वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते, पोट बाजूलाच राहते. आपल्याला बघायचे असते ते नेमके पोट! टाचा फुटलेल्या, कोरड्या असतील तरीही आकडा बिघडतो. हे यंत्र वापरायचेच तर रोज सकाळी त्याच वेळी, पाय पुसून, व्यायामाच्या आधी वापरा आणि फक्त महिन्यामहिन्याचा कल बघा. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्यावर उभे राहू नये.

मला टेपेचे गणित जास्त भरवशाचे वाटते. अमेरिकी नौदलासाठी १९८४ साली बसवलेले हे सूत्र आहे. पुरुषांसाठी कंबर नाभीपाशी मोजायची, आणि मान कंठमण्याच्या जरा खाली. मोबाइल आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये लॉगचे (log) बटण दिसते. भावाचे गणित करून दाखवते. नाभीपाशीही कंबर ९३, मान ३५; वजाबाकी ५८. ५८चा लॉग १.७६३४, त्याला ०.१९०७७ने गुणले की ०.३३६४. उंची १६८चा लॉग २.२२५३, त्याला ०.१५४५६ने गुणले की ०.३४३९. आता १.०३२४मधून पहिला वजा करा, दुसरा मिळवा: १.०३९९. शेवटी ४९५ला या आकड्याने भागा आणि ४५० वजा करा. उत्तर २६ टक्के.

स्त्रियांनी कंबर सर्वांत बारीक जागी मोजावी आणि कुल्ले सर्वांत रुंद जागी. माझी त्या जागी कंबर ८२, कुल्ले १०४, मान ३३. कंबर आणि कुल्ले मिळवून त्यातून मान वजा करायची: १५३. त्याचा लॉग २.१८४७, गुणिले ०.३५००४, म्हणजे ०.७६४७. उंची १५६चा लॉग २.१९३१, गुणिले ०.२२१, म्हणजे ०.४८४७. १.२९५७९मधून पहिला वजा, दुसरा अधिक: १.०१५८. ४९५ भागिले हा आकडा, वजा ४५०. उत्तर ३७ टक्के.

हा अंदाज तीन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. तरी त्याची गंमत नीट बघा. फक्त बीएमआय आणि वय घेऊन चरबी सांगणारे एक युरोपीय सूत्र आहे: बीएमआय गुणिले १.२, अधिक वय गुणिले ०.२३, वजा ५.४, आणि पुरुष असेल तर आणखी १०.८ वजा. त्याने भावाची चरबी २१ टक्के येते. टेप २६ म्हणते. ते पाच टक्के पोटात आहेत, आणि वजन-उंचीच्या कुठल्याही गणिताला ते दिसू शकत नाहीत.

किती टक्के चांगले? पुरुषांत साधारण २५च्या वर आणि स्त्रियांत ३०-३२च्या वर गेले की जास्त समजतात. स्त्रीच्या अंगात चरबी मुळातच जास्त असते आणि असायला हवी. स्त्रीला जगायलाच १० ते १३ टक्के लागते, पुरुषाला २ ते ५. मुलींनी जाहिरातीतले आकडे बघून चरबी फार खाली नेली की पाळी बंद होते, हाडे ठिसूळ होतात. माझ्या शाळेतल्या मुलींना मी हे दर वर्षी सांगते.

चिमट्याने कातडीची घडी मोजण्याची पद्धत जुनी आणि चांगली, पण हात सरावलेला लागतो. डेक्सा हे क्ष-किरणांचे यंत्र सर्वांत नेमके. ते मुख्यतः हाडांसाठी असते आणि घरच्या निर्णयासाठी त्याची गरज पडत नाही.

सहावी पायरी : आकडे एकत्र ठेवून आपले लक्ष्य काढा

आधी चरबी वगळून उरलेले वजन काढा. माझ्या ६४ किलोंपैकी ३७ टक्के, म्हणजे सुमारे २३.७ किलो चरबी, उरले ४०.३. हे उरलेले तसेच राखायचे आणि चरबी ३२ टक्क्यांवर आणायची तर ४०.३ला ०.६८ने भागा: ५९ किलो. बीएमआयच्या तक्त्याने मला ५५ सांगितले असते. ५९ जवळचे वाटते, झेपते, आणि तिथे पोचल्यावर पुढचे ठरवता येते. पहिला टप्पा तर याहूनही जवळ ठेवावा. आहे त्या वजनाच्या पाच टक्के, माझ्यासाठी तीन किलो, एवढे उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला उतार पडतो. महिन्याला दोन किलोंपेक्षा वेगाने उतरवू नका. मग चरबीबरोबर स्नायूही जातो.

भावासारख्याने वजन कमी करायच्या मागे लागूच नये. बीएमआय योग्य आणि कंबर जास्त, अशा माणसाला चरबी घटवून स्नायू वाढवायचा असतो. नुसते उपास केले तर तो आणखी बारीक होईल आणि पोट तसेच राहील. भावाने रात्रीच्या जेवणातले शीत (भात) अर्धे केले, त्या जागी भाजी आणि डाळ वाढवली. बांगडा आठवड्यातून चार वेळा, पण तळलेला नव्हे, हुमणातला (कालवणातला). दुपारी दुकान बंद असते तेव्हा वीस उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर, रात्री जेवल्यावर अर्धा तास चालणे. गोळ्या चालूच होत्या. आठ महिन्यांनी वजन ६१ झाले. काट्यावर फक्त एक किलो. कंबर मात्र ८७, आणि टेपेच्या गणिताने चरबी २२ टक्के. काट्याकडेच बघत बसला असता तर तिसऱ्या महिन्यात त्याने सोडून दिले असते. दर महिन्याच्या एक तारखेला कंबर, आठवड्याच्या सरासरीने वजन आणि तीन महिन्यांतून एकदा टेपेचे गणित, एवढेच वहीत लिहा.

हे आकडे कुणाला लावू नयेत

अठरा वर्षांखालच्या मुलांना वरची एकही रेघ लागू नाही. त्यांच्यासाठी वयानुसार आणि मुलगा-मुलगी वेगळे असे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते ५ ते १८ वर्षांसाठी आहेत आणि कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळतात. गरोदर बायकांना नाही. पायावर सूज, जलोदर, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना नाही, कारण त्यांचे वजन पाण्याचे असते. नियमित फुटबॉल खेळणाऱ्या किंवा वजने उचलणाऱ्या पोरांचा बीएमआय २५च्या वर जाऊ शकतो; त्यांनी कंबर बघावी.

सत्तरीच्या आसपासच्या माणसांचा प्रश्न उलटा असतो. माझ्या आईला सगळे 'बरी बारीक झालीस' म्हणत होते आणि तिला खुर्चीतून उठताना हात टेकावा लागत होता. या वयात स्नायू झिजतो. टेप पोटरीच्या सर्वांत जाड जागी लावा: पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटिमीटरच्या खाली आली तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर तीही तीच खूण. अशा माणसाला वजन कमी कर म्हणू नका. डाळ, अंडे, मासा, दूध वाढवा आणि उठण्या-बसण्याचा सराव द्या.

डॉक्टरकडे कधी जावे

कंबर रेघेच्या वर असेल, गुणपत्रिकेत ६० आले असतील, किंवा न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटले असेल तर थांबू नका. शेवटचे लक्षण लोक आनंदाने सोडून देतात, आणि त्यामागे साखर, थायरॉइड, क्षयरोग किंवा त्याहून गंभीर काही असू शकते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही रक्तदाब आणि साखर तपासता येते. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा वर आली तर मधुमेह समजतात. त्रास काही नसेल तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात. सोबत चरबीची रक्ततपासणी आणि यकृताबद्दलही विचारा. वही घेऊन जा आणि कंबरेचा रकाना डॉक्टरांपुढे स्वतःहून उघडा. बऱ्याच दवाखान्यांत काटा असतो, टेप नसते.